सरकलेला लाल

मी चौथी शिकलेला माणूस. साजगावच्या एका कारखान्यात तेलाच्या डब्यांवर छपाई करण्यात माझी एकतीस वर्षं गेली. बारीक जाळीची चौकट पत्र्यावर ठेवायची, वरून रबरी पट्टीनं रंग ओढायचा, की खाली चित्र उमटतं. पिवळ्याची चौकट वेगळी, लालची वेगळी, काळ्याची वेगळी. सगळे रंग आपापल्या जागी बसले पाहिजेत. लाल जरा सरकला की पत्रा भंगारात. माझा सरकत नसे. फुशारकी नाही मारत, होतं ते सांगतो.

बायको जाऊन तीन महिने झाले. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कोणता फोटो ठेवायचा, यावरून माझं आणि मुलीचं वाजलं. त्याचं मूळ कर्जतला आहे.

कारखान्यातली नोकरी सुटल्यावर कर्जतच्या एका मॅडमनी मला छपाईला बोलावलं. नावाजलेल्या चित्रकार. परदेशात त्यांची चित्रं लागतात. घरामागं पत्र्याची शेड, आणि शेडभर साबणाच्या वड्या, बिस्किटाचे पुडे, बसची तिकिटं. सगळं चित्रातलं. एकच वडी चाळीस वेळा, धुळवडीतून उठून आल्यासारख्या रंगांत. मी तोंडावर विचारलं की एवढं शिकून साबण कशाला काढता? त्या रागावल्या नाहीत. त्यांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. पोत्यावर बसून अभ्यास करताना समोर फळीवर त्याच वड्या दिसायच्या. म्हणाल्या, देवापेक्षा साबणच जास्त बघितलाय मी. मला ते पटलं. मीही जन्मभर एकच डबा बघत आलो होतो.

बायकोला मात्र काही पटेना. पगार देऊन साबण छापून घेणारी बाई आहे तरी कोण, हे बघायला ती आमच्या चौक गावाहून मिनिडोर रिक्षानं माझा जेवणाचा डबा घेऊन आली. आली तपासायला, आणि पाव तासात मॅडमबरोबर सुकट-भाकर खात बसली. तिचा पुढचा एक दात पडलेला. हसताना पदर तोंडावर घ्यायची. त्या दिवशी पदर पोचायच्या आत मॅडमनी फोटो काढला.

त्या फोटोचं चित्र करायचं ठरलं. निळे केस, पिवळा चेहरा, लाल ओठ. मॅडम म्हणाल्या, लाल थोडा सरकवा. मला वाटलं, बाई चुकून बोलल्या. मी खुणा केल्या, पट्टी लावून बघितलं, आणि बारा कागद असे छापले की कारखान्यात पाठ थोपटली असती. मॅडमनी कपाळाला हात लावला.

"काका, यात मावशी कुठंय? हे तर डब्यावरचं चित्र झालं."

त्या दिवशीही आलेली बायको नळावर डबा घासत होती. तिथूनच म्हणाली, "मॅडम, ह्यांला चुकायला शिकवता शिकवता माझे केस पिकले. तुमचं आठ दिवसांत काय होनार?"

मला राग आला. तेरावा कागद घेतला, डोळे मिटून चौकट बोटभर सरकवली आणि पट्टी ओढली. उचलून बघतो तर ओठ गालावर. फाडणारच होतो, तो मॅडमनी हातातून काढून घेतला. पुढचे सगळे कागद त्यांनी तसेच छापून घेतले. त्यातला एक विमानानं परदेशी गेला. मग काय, बायको आळीभर सांगत फिरली, "मी पनवेलच्या पुढं गेले नाय, पन माझं तोंड विमानात बसलं."

आधीच्या बारांतला एक सरळ कागद मी चौकट करून भिंतीवर लावला. ती येता-जाता विचारायची, ही कोण बाई आणून ठेवलीय?

आणि आता ती गेली. मुलगी म्हणाली, आधार कार्डावरचा फोटो मोठा करू. त्यात ती पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते. मी म्हटलं, भिंतीवरचं ठेव, त्याला माझे हात लागलेत. मुलगी म्हणाली, निळ्या केसांची आई ठेवली तर लोक काय म्हणतील? दोन दिवस फोटो ठरेना.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी टेबलावर घालायला पांढरी चादर हवी होती. मुलीनं आईची ट्रंक उघडली. साड्यांच्या खाली, जुन्या कॅलेंडरात गुंडाळलेला, तेरावा कागद. मॅडमनी तो बायकोला दिला होता आणि दोघींनी मला पत्ता लागू दिला नव्हता.

मुलगी बघतच राहिली. ओठ सरकल्यामुळं तोंड एका जागी थांबत नव्हतं. दात दिसत होता, पदर पोचत नव्हता, आणि पुढच्या क्षणाला बायको मला काहीतरी लावून बोलणार होती. मुलगी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. बायको गेल्यापासून मीही पहिल्यांदाच हसलो. भिंतीवरची चौकट मीच उतरवली, सरळ कागद काढला आणि तेरावा बसवला.

दुसऱ्या दिवशी बुद्धवंदना झाली. फूल ठेवायला आलेला जो तो चित्रासमोर थांबायचा आणि तिची एक तरी गोष्ट सांगायचा. मांडवात एवढा हशा झाला की शेजारचे डोकावून गेले. माझी थोरली बहीण चष्मा पुसून अगदी जवळ गेली.

"चित्र झ्याक हाय रं. पन छापनाऱ्याचा हात हलला."

"हात माझाच, ताई. मुद्दाम चुकलो."

"तू कुटला चुकतोस," ताई म्हणाली. "तिनंच चुकवलं असंल."