दाजींची थंडी

माझ्या दाजींइतका थंडीला घाबरणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या आक्काचे यजमान. वैशाखात सगळं गाव घामानं निथळत असताना हे स्वेटर, वर मफलर, कानात कापसाचे बोळे अशा थाटात दारात बसणार, आणि कुणी पंखा लावला की घराला आग लागल्यासारखे ओरडणार. सगळी नोकरी शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीपुढं झाली, अंगाला तीच ऊब सवयीची झाली, असं आक्काचं म्हणणं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, काही निघालं नाही. निघणार काय, कपाळ? माझं निदान एकच होतं, लाड!

संध्याकाळी मी त्यांना दूध कट्ट्यावर न्यायचो. समोर म्हैस पिळून दिलेलं धारोष्ण दूध प्यायला लोक तिथं येतात. आमचे दाजी यायचे म्हशीसाठी. गेले की तिच्या पोटाला पाठ लावून उभे! गवळी कावायचा, "पावणं, सरका की! पान्हा चोरती ती." दाजी ढिम्म. वर मलाच म्हणायचे, "काय ऊब हाय रं हिला!" मी आपला ओळख नसल्यासारखा दुसरीकडं बघत राहायचो.

अशात कॅनडाहून भाचीचा फोन आला. एकुलती एक लेक, पहिलं बाळंतपण, दिवस भरत होते ऐन जानेवारीत. आईबापांनी दोघांनी यावं, एवढंच तिचं मागणं. दाजींनी डोक्यावरून पांघरूण ओढलं. "मी तिथं मरतोय की! तुझी आई येईल." आक्का कधी नव्हे ती कडाडली, "लेकीपरीस थंडी मोठी व्हय तुमास्नी?" मीही तोंडसुख घेतलं. दुसऱ्या दिवशी दाजी स्वतःच बाजारात जाऊन लोकरीचे पायमोजे घेऊन आले. निघताना त्यांनी एवढे कपडे चढवले होते, की आत नक्की माणूस आहे का, हे मला चाचपून बघावं लागलं.

आठवड्यात बोंबलत परत येतील, अशी माझी खात्री होती. व्हिडिओ कॉल लावला, तर स्वारी बनियनवर! मांडीवर नात, मागं खिडकीबाहेर बर्फ पडतोय.

"अरं, हितं घरभर ऊब सोडत्यात! थंडी कसली ती न्हाय."

"परत कधी येताय?"

"तिकडं कशाला, कुडकुडायला? पोरगी शाळंत जाईस्तवर हितंच ऱ्हायचं ठरलंय आमचं."

बर्फाच्या देशात बसून या माणसाला कोल्हापूर गार वाटतंय! सुटलो एकदाचा, म्हटलं. पण खोटं कशाला बोलू, त्यांच्याशिवाय मला करमत नाही. कट्ट्याकडं पाय वळत नाहीत.

परवा फोन ठेवताना भाची म्हणाली, "मामा, तू पण ये की इकडं."

कसंबसं म्हणालो, "नको बाई, मला थंडी सोसायची नाही."