स्वरूपाचं कुलूप

लेक काय करते असं कुणी विचारलं की श्रीरंग मुळीक चटकन विषय बदलत. केंद्र सरकारच्या नोकरीत हयात गेलेला माणूस. त्यांच्या लेखी नोकरी म्हणजे टेबल, खुर्ची आणि दारावर नावाची पाटी. आणि ही स्वरूपा! इलेक्ट्रिकलची पदवी घेऊन गाझियाबादच्या एका वीज उपकेंद्रात अप्रेंटिस. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून रोज सकाळी निघायची आणि संध्याकाळी उन्हाने रापलेलं तोंड घेऊन परतायची.

"अगं, तिथे तुझ्यावाचून कुणाचं अडतं का?" हे ते सकाळच्या चहाबरोबर नेमाने ऐकवत. अप्रेंटिसचं वर्ष संपत आलं होतं. तिथेच कायम होण्यासाठी अर्ज करायचा, की बाबांच्या म्हणण्याप्रमाणे यूपीएससीच्या क्लासला बसायचं? स्वरूपाचं मन उपकेंद्रात होतं, पण तिथे आपल्यावाचून कुणाचं अडत नाही, हे तिलाही पटायचं. त्याचंच तिला वाईट वाटायचं.

उपकेंद्रात एक कडक शिस्त होती. दुरुस्तीसाठी वीज बंद केली की काम करणारा प्रत्येक जण बंद स्विचला स्वतःचं कुलूप लावायचा. कुलपावर त्याचं नाव, किल्ली त्याच्याच खिशात. काम झालं की ज्याचं त्यानेच काढायचं. कुलूप लटकतंय म्हणजे माणूस आत आहे, मग वीज सोडायची नाही म्हणजे नाही.

जूनच्या एका दुपारी ट्रान्सफॉर्मरचं काम निघालं. स्वरूपाच्या वाट्याला चिनी मातीचे इन्सुलेटर पुसायचं काम आलं. त्याच दिवशी बाबा हाफ डे टाकून क्लासच्या ॲडमिशनसाठी तिला न्यायला मेट्रो स्टेशनवर आले होते. तिचं काम आधी संपलं, तिने घाईघाईत हात धुतले आणि ती सटकली.

मेट्रोचं कार्ड काढायला खिशात हात घातला, तर हाताला किल्ली लागली. कुलूप तिकडे स्विचलाच राहिलं होतं. बॅगेतल्या फोनवर मिस्ड कॉलची रांग लागली होती. तिने इनचार्ज त्यागीजींना फोन लावला.

"कहाँ है तू?" ते ओरडलेच. "बाहर है? सच बोल! हम केबल की नाली तक ढूँढ आए!"

"सॉरी सर, मेट्रो स्टेशन पे हूँ."

त्यांचा आवाज एकदम खाली आला. मग ते म्हणाले, "आजा, बेटा. ताला तू ही खोलेगी."

"अगं, तोडतील की ते कुलूप!" उपकेंद्राकडे परतताना ई-रिक्षात बाबा कुरकुरले. स्वरूपाने किल्ली मुठीत घट्ट धरली होती. आता आपण संपलोच, असं तिला वाटत होतं.

फाटकापाशी वीज नसल्याने घामाने निथळणारी कॉलनीतली माणसं वीज कंपनीचा उद्धार करत होती. आत तरुण इंजिनियर अनुराग हातात कटर घेऊन उभा होता. "सर, फोन पे बता तो दिया उसने. काट दूँ?"

"मैंने आवाज़ सुनी है, लड़की नहीं देखी," त्यागीजी म्हणाले. "नहीं कटेगा."

तेवढ्यात स्वरूपा धावत आत शिरली. तिला बघून त्यागीजींचा जीव भांड्यात पडला आणि लगेच राग नाकावर आला. सगळ्यांसमोर त्यांनी तिची अशी खरडपट्टी काढली की तिचे डोळे भरून आले. तिने कुलूप काढलं. मग आपली सगळी माणसं मोजून त्यागीजींनी वीज सोडायला सांगितली.

बाबा फाटकाबाहेर गर्दीतच उभे होते. शेजारचा एक गृहस्थ तणतणत होता, "किसका ताला है ये, जिसके पीछे पूरी कॉलोनी भुन रही है?"

"मेरी बेटी का," श्रीरंगराव म्हणाले आणि सरकारी सवयीने पुढे जोडलं, "असुविधा के लिए खेद है."

समोरच्या दुकानातला पंखा फिरू लागला. क्लासचं नाव त्या दिवशी दोघांनीही काढलं नाही, आणि रात्री जेवण झाल्यावर स्वरूपाने कायम होण्याचा अर्ज भरून टाकला.

सकाळी चहाबरोबर ते नेहमीचं वाक्य आलं नाही. ती चपला घालत असताना बाबा दारापाशी आले.

"कुलूप घेतलंस?"

"घेतलं, बाबा."

"मग निघताना काढून ये, बाई. सगळ्यांचं अडतं."