दर्याला साडेपाचची वेळ

या विलायतेला चारी बाजूंनी समुद्र, पण समुद्राच्या नावाची सुट्टी नाही. सुट्टी बँकेच्या नावाची, बँक हॉलिडे. मी चौथी शिकलेला, मला हे कधी उमजलं नाही. आमच्या कोळीवाड्यात नारळी पुनवेला दर्याची पूजा झाल्याशिवाय होडी हलत नसे.

त्या साली पुनव मंगळवारी आली. मंगळवारी सगळ्यांना कामं, म्हणून ईलिंगच्या आमच्या मंडळानं आदल्या दिवशीच, बँकेच्या सुट्टीला, दर्याला बोलावलं. कोच म्हणजे भाड्याची बस ठरली, साउथएंडचा किनारा ठरला.

माझं काम एकच. बायको एप्रिलात गेली. हॉस्पिटलात म्हणाली होती, "अहो, यंदा माझा नारळ चुकवू नका." मी बोटीवर खलाशी होतो तेव्हापासून ती दरसाल नारळ देत आली. मी जिता परत येतो तो तिच्या नारळामुळं, असं तिचं म्हणणं. बोट चांगली होती, असं माझं. आता वाद घालायला कुणी उरलं नव्हतं. नारळाला सोनेरी कागद मीच चिकटवला. वाकडा बसला.

कोचमध्ये अध्यक्षांना सांगितलं. ते हृदयाचे डॉक्टर. "डॉक्टर, भरती दीडला. त्याआधी पूजा उरका."

"काका, पत्रिका छापलीय. पूजा साडेपाचला. समुद्र कुठं पळून जातोय?"

"तोच जातो," मी म्हणालो. ते हसले.

किनाऱ्यावरच्या हॉलमध्ये आधी नारळीभात, मग सागराचं महत्त्व या विषयावर तीन भाषणं. खिडक्या बंद, कारण समुद्राच्या वाऱ्यानं माइक घरघरत होता. मग कोळीनाच. लुगडं नेसलेल्या एकीनं विचारलं, "काका, ऑथेंटिक वाटतं ना?"

"बाई, खऱ्या कोळणीनं एवढ्या वेळात दोन टोपल्या विकल्या असत्या."

साडेपाचला वाजतगाजत बाहेर आलो, तर दर्या नाही. मैलभर नुसता चिखल आणि त्यात कुशीवर पडलेल्या होड्या. उधाणाचं पाणी जेवढं वर चढतं, तेवढंच मागं जातं. अध्यक्षांनी चष्मा पुसला. "आपण प्रतीकात्मक करू या," म्हणाले आणि मंडळाचा नारळ चिखलावर ठेवला. टाळ्या झाल्या. एक कुत्रं येऊन हुंगून गेलं.

"काका, तुमचाही ठेवा."

"माझा चिखलासाठी नाही आणला."

मांडीवर नारळ घेऊन पिनरला घरी परतलो. मुलानं दार उघडलं. जन्म इथलाच त्याचा, मराठीही इथलीच. "बाबा, आईचा नारळ परत का आली?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "उद्या मी ऑफिसला सिक आहे सांगतो."

"तुला काय झालंय?"

"समुद्रासाठी सुट्टी मागितली तर ते लोक देणार आहेत का?"

मंगळवारी सव्वादोनला साउथएंडला पाणी भिंतीला लागलं होतं. बायको नारळ कधी फेकत नसे. तान्हं पाळण्यात घालावं तसा पाण्यावर ठेवायची. मी पायऱ्यांवरून वाकून तसाच ठेवला. लाटेनं परत पायाशी आणून दिला. तीनदा.

"लांब फेका ना, बाबा."

"थांब. पाणी उलटू दे."

अर्धा तास पायऱ्यांवर बसलो. मग ओहोटी लागली, पाणी उलटलं आणि नारळ वाकड्या कागदासकट सरकू लागला. दिसेनासा होईपर्यंत दोघं बघत राहिलो.

तेवढ्यात मुलाला ऑफिसातून फोन आला. आजारी असल्याचं सोंग करावं लागलं नाही. त्याचा आवाज तसाही बसलेलाच होता.