शून्यमास्तरांची वजाबाकी

कारखान्यात त्यांना सगळे शून्यमास्तर म्हणायचे. बॅटरीवर चालणाऱ्या कुलपांचे सर्किट बोर्ड तपासणं हे त्यांचं काम, आणि नाव पडलं ते त्यांच्या हट्टामुळे. करंट मोजणारी चिप कितीही चांगली असो, तारेतून काहीच वाहत नसताना ती थोडंसं काहीतरी दाखवतेच. त्याला ऑफसेट म्हणतात. मोठ्या करंटपुढे तो कुणाच्या खिजगणतीत नसतो, पण करंट बारीक असला की तोच सगळं माप बिघडवतो. म्हणून मास्तर आधी बॅटरीला लावलेला तारेचा चिमटा काढायचे, शून्याला चिप काय दाखवते ते टिपायचे आणि पुढच्या प्रत्येक मापातून तेवढं वजा करायचे. नवीन आलेल्यांना तर या एकाच गोष्टीवर तासभर पिळायचे.

घरी ते एकटेच. बायको गेल्यावर वर्षभरात लेकीशी कडाक्याचं भांडण झालं, कारण सांगायची आज दोघांनाही लाज वाटेल, आणि ती दूरच्या शहरात नोकरीला गेली. त्याला तीन वर्षं झाली. दर रविवारी सकाळी तिचा फोन येई.

"सहज केला होता, बाबा."

"बरं. जेवतेस ना वेळेवर?"

"हो."

"ठेवू मग?"

दोन मिनिटांत आटपे. कर्तव्य म्हणून करते बिचारी, असं म्हणून मास्तर तो फोन मनातून वजा करून टाकत, आणि मग दुपारभर तिच्या खोलीत कारण नसताना जाऊन बसत. तिची फार आठवण यायची. पण 'ये' म्हणायला जीभ रेटत नसे.

एका गुरुवारी पेटीभर कुलपं परत आली. तीन आठवड्यांत बॅटऱ्या संपलेल्या, माणसं आपापल्या दाराबाहेर ताटकळलेली. मास्तरांच्या नोंदीत मात्र कुलूप वापरात नसतानाचा करंट चक्क शून्य. तपासणीच्या मुख्य बाईंनी दोन-चार बोर्ड पुन्हा लावून पाहिले आणि हळूच विचारलं, "मास्तर, या खेपेला तुम्ही चिमटा काढला नव्हतात का?"

काढला नव्हता. घाईत नुसतं बटण बंद केलं होतं. बॅटरी जोडलेलीच राहिली आणि बोर्डातून बारीक करंट गळत राहिला.

"तो खराच करंट होता हो," बाई म्हणाल्या. "तुम्ही चूक समजून वजा केलात."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मास्तरांनी मुकाट्याने सगळी पेटी पुन्हा तपासली, पण बाईंचं ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

रविवारी फोन वाजला. "सहज केला होता, बाबा."

"सहज म्हणजे काय गं?"

ती गडबडली. "म्हणजे... काही नाही."

"काही नाही कसं? तीन वर्षांत एक रविवार चुकवला नाहीस तू."

मग ती म्हणाली, "तुम्ही 'ये' म्हणाल म्हणून करत होते. दर वेळी वाटायचं, आज म्हणतील."

"मग ये ना. आजच ये."

"आता परत राहायला कशी येऊ? गेल्या महिन्यात इथेच घर घेतलं मी. वाट बघून बघून घेतलं."

मास्तरांना उमगलं, तिला लांब ठेवलं होतं ते आपणच.

"मग मी येऊ का?" त्यांनी विचारलं. पोटच्या पोरीला असं विचारावं लागतंय, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

तिकडे हुंदका फुटला. "दुसरी खोली अजून रिकामीच ठेवलीय, बाबा," ती म्हणाली.