फ्रेमाची लेक

दुफीच्या थोरल्या बहिणीला, अफ्राकोमाला, शेवटच्या दर्शनासाठी सजवलेल्या पलंगावर अंगणात निजवलं होतं, आणि लाऊडस्पीकरवर गाणारी मंडळी भलत्याच बाईच्या लेकीसाठी रडत होती.

"फ्रेमाची लेक निघाली, वाट मोकळी करा..."

अफ्राकोमाची आई कोनादू. दुफीचीही तीच. असांते जमातीची माणसं मयताच्या रडगाण्यात आईचं नाव घेतात ते उगीच नाही. गेलेल्या जिवाला पलीकडे कुणाच्या दारात उभं राहायचं, ते त्या नावावरून कळतं.

पण दोष कुणाला देणार? फ्रेमा दुफीनंच जन्माला घातली होती. दुफी बावीस वर्षांची असताना रेडिओचा माणूस यंत्र घेऊन गावात आला नि म्हणाला, तुमचं मयताचं गाणं म्हण. मयत नसताना त्या गाण्यात ज्याचं नाव घ्यावं, त्याच्या घरी मरण येतं. म्हणून तिनं गावात कुणाचंच नसलेलं नाव घातलं आणि गायली. काय गायली! गोठ्यातल्या शेळ्यासुद्धा गप्प झाल्या होत्या. पुढे बँडवाल्यांनी ते गाणं गिटारीवर नाचवलं, चर्चनं त्यात येशू आणला, परवा कुणी त्यात मोटारीच्या फुशारक्या भरल्या. चाल बदलली, ताल बदलला. फ्रेमाला मात्र कुणी हलवलं नाही. गावोगावची माणसं आपले मृत तिच्या दारात पोचवू लागली.

आठवडाभर दुफी अफ्राकोमाच्या मुलाच्या, बदूच्या, मागे लागली होती, गाण्यात कोनादूचं नाव घ्यायला सांग म्हणून. गाणारी मंडळी त्यानंच ठरवलेली. तो हो हो म्हणायचा आणि खुर्च्या मांडायला निघून जायचा. आज तिनं त्याचा हातच धरला.

"मावशी, लोकांना पाठ आहे ते म्हणू दे ना. नाव बदललं तर आपण चुकलो म्हणतील."

"तुझी आजी कोण रे? फ्रेमा?"

"गाण्यातली होय? ती सगळ्यांचीच."

"अरे, ती कुणाचीच नाही. मी बनवलीय तिला."

बदू हसला. "मावशी, चर्चच्या पुस्तकात छापलंय, जुनं पारंपरिक गाणं म्हणून. तू दमलीयस, बस जरा."

ती बसली नाही. सरळ गेली आणि गाणारीच्या हातातून माईक घेतला. आवाज पिचला होता, पण सुरावर बसला. "कोनादूची लेक निघाली..."

ओळीमागून झील धरणं जमलेल्या लोकांचं काम. दुखवट्याच्या लाल-काळ्या वस्त्रांतलं अख्खं अंगण मनापासून गर्जलं, "फ्रेमाची लेक निघाली!"

तिनं पुन्हा म्हटलं, आणखी चढ्या सुरात. पुन्हा फ्रेमा. तिसऱ्या वेळी तर समोरची एक म्हातारी डोळे पुसत तिला हळूच नाव सुचवू लागली.

दुफीनं माईक ठेवला. पलंगाशी जाऊन, चाल नाही, सूर नाही, दाराबाहेरून हाक मारावी तशी ती बोलली.

"कोनादू, तुझी अफ्राकोमा येतेय. दार उघड."

यावर काय म्हणायचं, ते कुणालाच पाठ नव्हतं. मंडळींनी बदूकडे पाहिलं, बदूनं होकारार्थी मान डोलावली, ढोल वाजला आणि फ्रेमाची लेक पुन्हा वाटेला लागली.