नांदूरघाटच्या वाटेवर एक कवठ

तेव्हा खिशात फोन नव्हते. अक्काचा फोन माजलगावात शेजारच्या एसटीडी बूथवर आला. "उद्या शिवरात्र. नव्या सुनेच्या माहेरून पिकलं कवठ यावं लागतंय इथं नांदूरघाटला. सासरे म्हणतेत, तुमचा भाऊ वाटंतच रमंल."

झालं! निघालोच.

धरणाचं पाणी आल्यापासून आमच्याकडं नुसता ऊस. कवठाचं झाड औषधाला नाही. म्हणून शिवरात्रीला सकाळीच बीड गाठलं आणि मंडईत दोन कवठं घेतली. मांजरसुंब्याला उपासाचं रताळं मिळतं, स्वस्त आणि गरम. जरूर खा.

बसमध्ये शेजारी कॉलेजातले वनस्पतीचे सर होते. त्यांनी माझं कवठ खाली टाकलं. चेंडूसारखं उसळलं. "कच्चं! पिकलेलं धप्पकन बसतं." दुसरंही उसळलं. मी रडकुंडीला, अन् सर रंगात. कवठ लिंबाच्या कुळातलं, पण त्याच्या प्रजातीत दुसरी जातच नाही म्हणे. सख्खं भावंड नसलेलं झाड!

नेकनूरच्या अलीकडं बांधावर तेच झाड दिसलं. ओरडून बस थांबवली.

"काहून बे, पोट बिघडलं का?" कंडक्टर म्हणाला.

कांद्यात खुरपणाऱ्या मावशी झाडाच्या मालकीण निघाल्या. "ने की. पण तोडायचं न्हाई. आपसूक पडंल ते देवाचं."

बसलो. वर जुनी फळं, त्यांच्यातच बारीक तांबूस फुलं. पान चुरगाळलं तर बडीशेपेचा वास. एक बस गेली. एक राजदूत फटफटीवाला थांबला, "नांदूरघाटला सोडतो, चल." दुसऱ्या कुठल्याही दिवशी टांग टाकलीच असती. नाही गेलो.

ऊन कललं, वारा सुटला आणि धप्प!

काळ्या-पिवळ्या जीपच्या मागं लटकत पोचलो, तर देवघरात पूजा मांडलेली. अक्का दारातच उभी. सासऱ्यांनी कवठ हातात घेतलं, ओट्यावर सोडलं. बसलं ते बसलंच. फोडलं, तर आत तपकिरी गर, घरभर वास.

"लई झ्याक!" सासरे म्हणाले, अन् आत हाक दिली, "अगं, गूळ आण. सूनबाईच्या माहेरचं कवठ आलंय."

अक्कानं पदर सावरला आणि सासूकडं अशा ताठ मानेनं पाहिलं, की माझा उपास तिथंच सुटला.

माजलगावला परतल्यावर आईनं विचारलं, "एवढा भटकून आलास, काय बघितलंस?"

"एक झाड," म्हटलं. आजवर एवढं एका जागी बसून काहीच बघितलं नव्हतं.