एक वर्ष मागे ठेवलेली मुलगी

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या बाईला सगळे ढगळबाई म्हणत, कारण तिनं शिवलेला शर्ट पहिल्या वर्षी कधी कुणाला नीट बसलाच नाही. "पोरं वाढतात, कापड वाढत नाही," हे तिचं ठरलेलं उत्तर. बाईचं सगळं जगणंच हातचं राखून. नवरा गेल्यावर एकटीच्या जिवावर संसार ओढायचा, तर दुसरं काय करणार म्हणा!

हीच अक्कल तिनं लेकीच्या शिक्षणातही चालवली. पोर लहानपणी आजारी पडली, नुसती काडी झाली. वर्गातली दांडगी मुलं तिला ढकलून पुढे जात. पोर पास झाली होती, तरी ढगळबाईनं वर्गशिक्षिकेच्या हातापाया पडून तिला त्याच वर्गात ठेवून घेतलं. पुढच्या वर्गात जायचा हट्ट नको म्हणून पोरीला सांगितलं, "नापास झालीस." एवढंसं खोटं, ती विसरूनही गेली.

पोर मात्र विसरली नाही. आपण ढ आहोत हे तिनं मनाशी पक्कं धरलं. पुस्तक उघडलं की दोन ओळींतच मिटून ठेवायची. पुढे उंची मात्र ताडमाड वाढली, आणि व्हॉलीबॉलच्या मैदानावर तिचा फटका अडवायची कुणाची टाप नव्हती. तिथंच काय ती ताठ मानेनं उभी राहायची. आता शाळेचं शेवटचं वर्ष होतं आणि ती संघाची कर्णधार होती.

स्पर्धा तोंडावर आली असताना खेळाचे सर दुकानात आले.

"ताई, मशीन थांबवा जरा. पोरगी वयाच्या अटीत बसत नाही. थोडक्यात मोठी ठरते. तरी खेळवली, तर अख्खा संघ बाद होईल."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ती लेकीला घेऊन स्पर्धेच्या कार्यालयात गेली. टेबलामागचे साहेब भले होते, त्यांनी बसायला खुर्ची दिली. माणूस खेकसला असता तर भांडता तरी आलं असतं.

"साहेब, माझी पोर नापास झाली नव्हती हो. मीच मागे ठेवली तिला. मोठ्या पोरांत चिरडली गेली असती."

"ताई, नियम त्याचसाठी तर आहे. मोठ्यांपुढे लहान चिरडले जाऊ नयेत म्हणून. कारण काहीही असो, वय काही कमी होत नाही."

तिचंच म्हणणं साहेबांनी तिला ऐकवलं होतं, आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती. ती उठली.

बसथांब्यावर तिनं आपली बडबड लावली. खेळ काय, शाळेबाहेरही खेळता येतो, कुठंतरी विचारू, बघू. लेक रस्त्याकडे बघत होती.

"आई, मी पास झाले होते?"

"हो गं. चांगली पास झाली होतीस."

आता ही आरडाओरडा करणार, असं ढगळबाईला वाटलं. तिनं केला असता तर बरं झालं असतं.

"मला वर्गात उत्तरं येत असायची," लेक हळूच म्हणाली. "पण वाटायचं, मी नापास झालेली, माझं चुकीचंच असणार. म्हणून मी कधी हातच वर केला नाही."

बस आली. लेक आधी चढली आणि एकाच माणसापुरत्या जागेवर जाऊन बसली.